बँडचं नाव पुस्तकातून घ्यायचंय? मग कव्हर सोडा, आतलं पान शोधा

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही चौघं आहात, दोन मराठी दोन गुजराती, सगळे एम. एस. युनिव्हर्सिटीतले, गाणी तीन भाषांत चालू आहेत आणि बँडचं नाव पुस्तकातून घ्यायचं एवढं ठरलंय, पण पुढचं भांडण काही मिटत नाही. ड्रमरला दणदणीत इंग्रजी नाव पाहिजे, गाणाऱ्या मुलीला कवितेतलं. आणि तुला जाणून घ्यायचंय की मोठ्या रॉक बँडांनी साहित्यातून नावं उचलली ती कशी उचलली, त्यांचा अर्थ नेमका काय, आणि बडोद्यात बसून तुम्ही कुठे शोधावं. मी इथे बरीच वर्षं गिटार शिकवतोय, दांडिया बाजारातल्या गणपतीच्या स्टेजपासून कॉलेजच्या फेस्टपर्यंत साउंड लावलाय, आणि बँडांची नावं हा माझा जुना नाद आहे. नाव ऐकलं की ते ज्या पुस्तकातून आलं ते मिळवून वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे उत्तर लांबणार.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जी नावं टिकली आणि बँडला शोभली त्यातली बरीचशी पुस्तकाच्या शीर्षकातून आलेली नाहीत, ती आतल्या एखाद्या कोपऱ्यातून आलीयेत. एखादं दुय्यम पात्र, अर्धी ओळ, कुणाच्या तोंडी सहज आलेला उल्लेख. शीर्षक सगळ्यांनाच माहीत असतं, त्यात तुमचं काही नसतं. कोपरा शोधायला वाचावं लागतं.

द डोअर्सपासून सुरू करू, कारण हे नाव सगळ्यांना माहीत असतं आणि अर्धंच माहीत असतं. १९६५ साली लॉस एंजेलिसमध्ये जिम मॉरिसन आणि रे मॅन्झारेकनी बँड काढला आणि नाव घेतलं ऑल्डस हक्सलीच्या १९५४ च्या पुस्तकावरून, द डोअर्स ऑफ परसेप्शन. हक्सलीनी मेस्कलिन नावाचं द्रव्य घेऊन काय अनुभव आला ते त्यात लिहिलंय, म्हणून लोक म्हणतात की ड्रग्जच्या पुस्तकावरून नाव घेतलं आणि विषय तिथेच संपतो. पण हक्सलीनीसुद्धा ते शब्द विल्यम ब्लेककडून घेतले होते, १७९० च्या दशकातल्या द मॅरेज ऑफ हेवन अँड हेलमधून. जाणिवेची दारं स्वच्छ केली तर प्रत्येक गोष्ट माणसाला आहे तशी, म्हणजे अनंत दिसेल, अशी ती ओळ आहे. आता मजा बघ, या ओळीच्या बरोब्बर आधी ब्लेक काय म्हणतोय? तो छपाईबद्दल बोलतोय! ब्लेक पेशाने एन्ग्रेव्हर होता, स्वतःची पुस्तकं स्वतः तांब्याच्या पत्र्यावर करायचा. अ‍ॅसिडला दाद न देणाऱ्या वॉर्निशने पत्र्यावर उलटी अक्षरं लिहायची, आरशात दिसतात तशी, मग वरून अ‍ॅसिड, वॉर्निशखालचं शाबूत राहतं आणि बाकीचं तांबं खाल्लं जातं, अक्षरं उठून येतात. तो म्हणतो की मी हे काम नरकाच्या पद्धतीने करणार, जाळणाऱ्या द्रव्याने वरवरचा पृष्ठभाग वितळवून टाकणार आणि आत लपलेलं अनंत उघडं करणार, आणि मग लगेच ती दारांची ओळ येते.

म्हणजे दारं स्वच्छ करणं हे ब्लेकसाठी हवेतलं तत्त्वज्ञान नव्हतं, त्याच्या रोजच्या कामातली गोष्ट होती, बोटं भाजणारी. आपल्या फाइन आर्ट्सच्या प्रिंटमेकिंगवाल्या मुलांना हे वाचून दाखव, प्लेट अ‍ॅसिडमध्ये टाकून वाट बघत उभं राहणं म्हणजे काय हे त्यांना चांगलं माहितीये, त्यांना ब्लेक दोन मिनिटांत कळेल. आणि मग डोअर्सचा १९६७ चा पहिला अल्बम परत ऐक. त्यातला ऑर्गन, ती गाणी लांबत लांबत जाणं, वरचा थर खरवडत आत जायचा तो प्रयत्न. नाव त्यांना शोभतं ते यासाठी, नुसत्या मेस्कलिनसाठी नाही.

दुसरं माझं फार आवडतं उदाहरण युराया हीप. १९६९ ला लंडनमध्ये स्पाइस नावाचा बँड होता, त्यांच्या मॅनेजरने नवीन नाव सुचवलं. १९७० हे चार्ल्स डिकन्सच्या मृत्यूचं शंभरावं वर्ष, त्यामुळे त्या सुमाराला लंडनमध्ये डिकन्सचं नाव सगळीकडे होतं. युराया हीप हे डेव्हिड कॉपरफिल्डमधलं पात्र आहे, आणि पात्र तरी कसं, तर वकिलाच्या ऑफिसातला कारकून, सतत हात चोळत मी किती नम्र, मी किती लहान माणूस असं म्हणणारा आणि हळूहळू मालकाचं सगळं घशात घालणारा. डिकन्सनी त्याला असं रंगवलंय की अंगावर काटा येतो. डेव्हिड पहिल्यांदा त्याच्याशी हात मिळवतो तेव्हा तो हात इतका थंड आणि ओलसर लागतो की नंतर डेव्हिड स्वतःचा हात चोळत बसतो, एक तर ऊब यावी म्हणून आणि दुसरं म्हणजे त्याचा स्पर्श पुसून जावा म्हणून. पुढे हीप वाचत बसलेला असतो तर त्याचं लांब बोट ओळीवरून सरकतं आणि डेव्हिडला वाटतं की पानावर गोगलगायीसारखा ओला माग उमटतोय. शेवटी त्याच्या लबाड्या उघडकीला येतात, पुढे तो तुरुंगात जातो, आणि तिथेही तो आदर्श कैदी बनून तीच नम्रता मिरवत असतो!

आता अशा माणसाचं नाव एका प्रचंड मोठ्या आवाजाच्या हार्ड रॉक बँडला. त्यांनी ते नुसतं लावून सोडून दिलं नाही, १९७० च्या पहिल्या अल्बमचं नाव ठेवलं व्हेरी ईव्ही व्हेरी अम्बल, म्हणजे हेवी आणि हम्बल यातला ह गाळून, कारण पुस्तकात हीप हम्बलचा उच्चार अम्बल असाच करतो. कव्हरवर गायक डेव्हिड बायरनचा चेहरा कोळिष्टकांनी झाकलेला. वाचलेल्या माणसाला ते नाव दोनदा ऐकू येतं, एकदा आवाज म्हणून आणि एकदा तो ओला हात म्हणून. याला मी नाव वागवणं म्हणतो. नुसतं ठेवणं वेगळं.

उंदरांची तर एक अख्खी वंशावळच आहे. १७८५ मध्ये स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सनी एका उंदरावर कविता लिहिली, शेत नांगरताना नांगराने उंदराचं बीळ मोडलं त्याबद्दल, आणि त्यात म्हटलं की उंदरांचे काय आणि माणसांचे काय, नीट आखलेले बेतसुद्धा फसतात. तिथून जॉन स्टाइनबेकनी १९३७ ला ऑफ माइस अँड मेन हे शीर्षक घेतलं, आणि तिथून कॅलिफोर्नियाच्या एका मेटलकोर बँडने २००९ ला जसंच्या तसं नाव घेतलं. बँड बरा आहे पण नाव म्हणून मला ते आळशी वाटतं, कव्हरवरून उचललेलं. त्यापेक्षा मॉडेस्ट माऊस बघ. वॉशिंग्टन राज्यातला इंडी रॉक बँड, नाव आलं व्हर्जिनिया वुल्फच्या द मार्क ऑन द वॉल या १९१७ च्या कथेतून. कथेत एक बाई भिंतीवरचा डाग बघत बसलीये आणि तो काय असेल यावर तिचं मन कुठल्या कुठे भटकतंय, बास, एवढीच कथा. त्या भटकण्यात एके ठिकाणी साध्या, उंदराच्या रंगाच्या माणसांचा उल्लेख येतो, ज्यांना मनापासून वाटतं की आपली स्तुती ऐकायला आपल्याला आवडत नाही. एका विशेषणाचा अर्धा तुकडा तोडून नाव केलंय. आणि त्यांच्या गाण्यांत अशीच माणसं भेटतात, लहान गावातली, हायवेच्या कडेची, कुणाच्या खिजगणतीत नसलेली. मराठीत कुणी रॉक बँड काढून मर्ढेकरांच्या ओल्या पिपातल्या उंदरांपैकी एखादा उचलला तर मला खरंच फार आनंद होईल, इतकी जबरदस्त प्रतिमा १९४७ पासून पडून आहे आणि आपण अजून इंग्रजी डिक्शनरीत डार्क, डेथ, ब्लड शोधतोय.

बरं, सगळे बँड वाचून नाव ठेवतात असं अजिबात नाही, हेही तुला सांगायला पाहिजे नाहीतर तू म्हणशील सर नुसतं आदर्श सांगतात. स्टेपनवुल्फ हे नाव हर्मन हेसेच्या १९२७ च्या कादंबरीवरून, पण ते सुचवलं प्रोड्यूसर गॅब्रिएल मेकलरनी, बँडचं आधीचं नाव स्पॅरो. तरी ते बसलं, कारण गायक जॉन के हा जन्माने जर्मन, लहानपणी आईबरोबर युद्धातून पळून आलेला, घरादारापासून तुटलेला, आणि कादंबरीतला हॅरी हॅलरही तसाच, अर्धा माणूस अर्धा लांडगा, कुठेच न बसणारा. त्या कादंबरीत पाब्लो नावाचा एक सॅक्सोफोनवाला आहे. हॅलर त्याच्याशी मोझार्ट आणि जॅझ यांच्यात श्रेष्ठ कोण यावर वाद घालायला जातो, तर पाब्लो शांतपणे म्हणतो की संगीताबद्दल बोलण्यात काही अर्थ नाही, ते जमेल तितकं चांगलं वाजवायचं असतं. तुमच्या प्रॅक्टिसमध्ये नावावरून जो अर्धा वेळ जातोय ना, त्याला माझं उत्तर पाब्लोच्या तोंडून घे.

जेथ्रो टल तर एजंटच्या ऑफिसातून आलं. त्या पोरांना एका क्लबमध्ये परत बोलावत नसत म्हणून दर वेळी वेगळं नाव लावून जायचे, त्यातलं एक नाव होतं जेथ्रो टल, त्या दिवशीचा कार्यक्रम आवडला आणि परत बोलावलं, म्हणून नाव चिकटलं. मूळचा जेथ्रो टल हा इंग्लंडचा शेतकी सुधारक, १७०१ च्या सुमाराला त्याने ओळीत बी पेरायचं यंत्र केलं, आपली पाभर जे काम करते तेच, आणि १७३१ ला शेतीवर पुस्तकही लिहिलं. बासरी वाजवणाऱ्या इयान अँडरसनशी त्याचा तसा काही संबंध नाही. ग्रेटफुल डेड १९६५ ला डिक्शनरी उघडून सापडलं, आधी ते वॉरलॉक्स होते. पण सापडलं ते नशिबाने फार सुंदर सापडलं, कारण ते एका लोककथेच्या प्रकाराचं नाव आहे. कर्ज बाकी म्हणून एका मेलेल्या माणसाला कुणी पुरू देत नाहीये, एक वाटसरू जवळचे शेवटचे पैसे देऊन त्याचा अंत्यविधी करतो, आणि पुढे वाटेत एक अनोळखी सोबती त्याला प्रत्येक संकटातून सोडवतो, तो सोबती म्हणजे तोच मेलेला. या बँडचे चाहते वर्षानुवर्षं गावोगाव त्यांच्या मागे फिरायचे हे लक्षात घेतलं की वाटतं नावानेच त्यांना शोधलं असावं.

सुपरट्रॅम्पचं थोडक्यात सांगतो. बँडचं नाव आलं डब्ल्यू. एच. डेव्हिस या वेल्श कवीच्या १९०८ च्या आत्मचरित्रावरून, भटक्याचं आत्मचरित्र, धावत्या मालगाडीत चढताना कॅनडात त्याचा पाय गेला होता. तोच हा कवी ज्याची थांबून बघायला वेळ नसेल तर हे कसलं आयुष्य अशी कविता आपल्याकडे शाळेच्या इंग्रजी पुस्तकांत असायची. माय केमिकल रोमान्सचं नाव बेसिस्ट मायकी वेला पुस्तकांच्या दुकानात काम करताना सापडलं, अर्विन वेल्शच्या १९९६ च्या पुस्तकाच्या उपशीर्षकात. मॅरिलियन आधी सिल्मॅरिलियन होते, टॉल्किनचं पुस्तक, हक्कांची भानगड नको म्हणून सुरुवातीचं सिल गाळून टाकलं. हे शेवटचं लक्षात ठेव, खाली परत येतो त्याच्यावर.

अमेरिकन लेखक विल्यम बरोजकडून दोन मोठी नावं आली, सॉफ्ट मशीन आणि स्टीली डॅन. सॉफ्ट मशीनवाल्यांनी निदान लेखकाला फोन करून परवानगी विचारली. दुसरं नाव त्याच्या नेकेड लंच या कादंबरीतून घेतलंय आणि ती वस्तू काय आहे ते तू स्वतः वाच, मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की उद्या तुमचं नाव पेपरात आलं आणि आजीने विचारलं की याचा अर्थ काय रे, तर तिच्या डोळ्यांत बघून सांगता आलं पाहिजे.

आणि आता एक गंभीर गोष्ट. जॉय डिव्हिजन. मँचेस्टरचा बँड, आधी वॉर्सॉ नाव होतं, १९७८ च्या सुरुवातीला बदललं. नवं नाव आलं हाउस ऑफ डॉल्स या कादंबरीतून, आणि ती लिहिली ऑशविट्झमधून वाचलेल्या एका माणसाने, ज्याने लेखक म्हणून स्वतःचं नाव का-त्झेटनिक १३५६३३ असं ठेवलं, म्हणजे छळछावणीतला कैदी आणि त्याचा नंबर. कादंबरीत जॉय डिव्हिजन हा छावणीतला तो भाग जिथे बायकांना सैनिकांसाठी ठेवलं जायचं. बँडचं संगीत मला अतिशय प्रिय आहे, इयान कर्टिसचा तो खोल आवाज मी आजही ऐकतो, १९८० मध्ये तो गेला आणि राहिलेल्यांनी न्यू ऑर्डर नावाने पुढे काम केलं. पण नावाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ज्या दुःखाला नंबर गोंदलेला आहे ते दुःख पोस्टरवर छापायला घेऊ नये. त्या वेळी इंग्लंडमध्ये पंक रॉकवाल्या पोरांना लोकांना धक्का द्यायचा होता, ते वयही तसंच होतं. तुम्ही धक्क्यासाठी कुणाचा दंगा, कुणाचा दुष्काळ, कुणाची फाळणी उचलू नका. आपल्या शहरात तर अजिबात नको. तुझ्या ड्रमरच्या यादीत असलं एक नाव आहे म्हणून मुद्दाम लिहितोय.

मन हलकं करायला हेवन सेव्हन्टीन. अँथनी बर्जेसची १९६२ ची अ क्लॉकवर्क ऑरेंज, त्यात रेकॉर्डच्या दुकानात काही काल्पनिक पॉप बँडांची नावं निघतात, त्यातलं एक द हेवन सेव्हन्टीन. १९८० ला शेफील्डच्या मंडळींनी बँड काढला आणि ते काल्पनिक नाव खरं करून टाकलं. त्याच कादंबरीतल्या पोरांच्या बोलीत दुधाला मोलोको म्हणतात, तर पुढे त्याच शेफील्डमध्ये मोलोको नावाचाही बँड निघाला. कादंबरीतल्या बँडचं नाव खऱ्या बँडने घेणं, कल्पना किती साधी आहे, पण सुचायला पान उघडं असावं लागतं समोर.

आता आपल्याकडे येऊ, कारण मला खरं बोलायचंय ते यावर. कलकत्त्यात १९७५ च्या सुमाराला गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या साथीदारांनी बँड काढला, मोहिनेर घोडागुली. बाउल, जॅझ, रॉक सगळं एकत्र, आणि बंगालीत. नाव जीवनानंद दासांच्या घोडे या कवितेतलं, मोहीनचे घोडे कार्तिकातल्या चांदण्याच्या माळावर चरतात अशी ती ओळ आहे. कोण हा मोहीन, कविता सांगत नाही. घोडे जणू अश्मयुगातले असून अजून गवताच्या लोभाने इथेच चरतायत. आता विचार कर, इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभी असलेली पोरं, जगभर सगळे इंग्रजी नावं लावतायत, आणि हे म्हणतात आम्ही मोहीनचे घोडे. १९७७ ला त्यांची पहिली रेकॉर्ड आली तेव्हा फार लोकांना कळलीसुद्धा नाही. पुढच्या पिढीने त्यांना डोक्यावर घेतलं. मला भारतातल्या सगळ्या रॉक बँडांत हे नाव सर्वांत वरचं वाटतं. गावठी नाही, परकं नाही, लांबलचक आहे आणि तरी एकदा ऐकलं की विसरता येत नाही. तुझ्या गायिकेला माझ्याकडून सांग की तिची बाजू भक्कम आहे.

इंडियन ओशनचं नाव साहित्यातलं नाही, सुस्मित सेनच्या वडिलांनी सुचवलेलं, पण २००० च्या कंदिसा अल्बममधलं त्यांचं मा रेवा ऐक. नर्मदेचं लोकगीत आहे, आपल्या चांदोदच्या घाटावरून वाहणारी तीच नर्मदा, आणि ते दिल्लीच्या बँडने केलं. आपण इथले असून केलं नाही, याची मला खंत वाटते.

तर बडोद्यात कुठे शोधायचं. दोन जागा सांगतो, बाकी तुम्ही शोधा.

पहिली माधव जूलियन. माधव त्र्यंबक पटवर्धन, जन्म १८९४, आपल्याच बडोद्यात. फारशी शिकवायचे, गझल मराठीत रुजवली त्यांनी, आणि टोपणनावातलं जूलियन हे इंग्रजी साहित्यातून घेतलेलं. कुणी म्हणतं शेलीच्या कवितेतलं पात्र, कुणी म्हणतं मेरी कोरेलीच्या कादंबरीतलं, पण पात्र इंग्रजी पुस्तकातलं यावर दोन्ही बाजूंचं एकमत. म्हणजे बघ, मॉरिसनच्या कितीतरी आधी एका बडोदेकराने पुस्तकातलं नाव स्वतःला लावून घेतलं होतं, आणि समोर पाटी होती मराठी, फारशी, इंग्रजी अशी तिन्हींची. तुमच्या तीन भाषांच्या बँडला याहून जवळचा पूर्वज कुठे मिळणार? त्यांच्या गझला वाचा, एखादा शब्द, एखादी जोडी नक्की सापडेल. शिवाय त्यांचा छंदोरचना हा ग्रंथ वृत्तांवरचा आहे, त्यातलं लघु-गुरूचं प्रकरण तुझ्या ड्रमरला वाचायला लाव, मी गंमत करत नाहीये. नाव हे सर्वात आधी ठेका असतं. दोन हजार पोरं मैदानात ओरडणार ते नाव. युराया हीप ओरडून बघ, शेवटचं अक्षर लांब आणि बंद, दण्णकन बसतं. ज्या नावाच्या शेवटी श्वास सुटून जातो ते गर्दीला ओरडता येत नाही.

दुसरी जागा प्रेमानंद. सतराव्या शतकातला गुजराती आख्यानकवी, बडोद्याचा. तुमच्यातल्या दोघांनी शाळेत वाचला असेल, मराठी घरांत मात्र फार कुणाला माहीत नसतो आणि ते मला बरं वाटत नाही, आपण इथे पिढ्यानपिढ्या राहतोय. आख्यान गाणारे माणभट्ट, त्यांचं वाद्य काय माहितीये? माण, म्हणजे तांब्याची मोठी घागर. बोटांत अंगठ्या घालून तिच्या गळ्यावर आणि पोटावर ताल धरायचा, वरून अंगठीचा टणत्कार आणि खालून तळहाताचा घुमारा, एकाच भांड्यात ड्रमसेटची झांज आणि मोठा ढोल, म्हणजे हायहॅट आणि किक दोन्ही! ज्यांनी प्रत्यक्ष ऐकलंय त्यांना सांगायला नको, एकटा माणूस गातो, अभिनय करतो, कथा सांगतो आणि ताल एक क्षण सुटत नाही. तुमच्या ड्रमरने एकदा तरी समोर बसून ते बघावं, त्याचा दणदणीतपणाचा हट्ट तिथेच पुरा होईल.

प्रेमानंदाचं ओखाहरण चैत्रात घरोघर गातात. बाणासुर आपल्या मुलीला, ओखाला, एका खांबावर उभ्या असलेल्या महालात कोंडतो, एकदंडियो महेल. तिला स्वप्नात एक तरुण दिसतो, कोण ते माहीत नाही, तेव्हा तिची मैत्रीण चित्रलेखा एकेक राजपुत्राचं चित्र काढून दाखवत जाते, हा का, हा का, आणि अनिरुद्धाच्या चित्राशी ओखा थांबते. चित्रलेखा हे नाव तुमच्या डोक्यात येईल पण ते घेऊ नका, त्या नावाचं साप्ताहिक कित्येक वर्षं घरोघर आहे. एकदंडियो महेल मात्र बघ! एका खांबावरचा महाल, आत कोंडलेली मुलगी आणि बाहेर पडायची तिची धडपड. मी तुमच्या जागी असतो तर हे नाव आजच लिहून ठेवलं असतं. अर्थात निर्णय तुमचा.

शोधायला मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जा, चौघंही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून इथली ग्रंथालयाची व्यवस्था उभी केली, लोखंडी रॅक आणि मजल्यांना जाड काचेची जमीन, खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळं एका छताखाली. प्रत्येकाने आपल्या नसलेल्या भाषेतलं एक पुस्तक निवडावं, म्हणजे मराठीवाल्याने गुजराती, गुजरातीवाल्याने मराठी, आणि त्यातून तीन तीन कोपरे टिपून आणावेत. मोबाइलवर नावं सुचवणारी जी साइट तुम्ही वापरताय ती बंद करा, तिथून येणारं नाव उद्या पुण्यातल्या आणि इंदूरमधल्या बँडलाही तेच येणार.

मॅरिलियनच्या वेळी म्हटलं होतं ते हक्कांचं, म्हणजे कायद्याचं थोडं. नुसत्या शीर्षकावर किंवा नावावर आपल्याकडे सहसा कॉपीराइट लागत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१५ मध्ये एका सिनेमाच्या नावाच्या प्रकरणात हेच म्हटलंय, पण ट्रेडमार्क ही वेगळी चीज आहे. मनोरंजनाच्या सेवा क्लास ४१ मध्ये येतात, रजिस्ट्रीच्या साइटवर फुकट शोधता येतं, नाव ठरवायच्या आधी तिथे बघा आणि स्ट्रीमिंग अ‍ॅपवरही त्याच नावाचा कुणी आहे का बघा. हयात किंवा अलीकडच्या लेखकाचं गाजलेलं पात्र घेणार असाल तर सरळ पत्र लिहून विचारा, सॉफ्ट मशीनने फोन केला तसं. प्रेमानंद, ब्लेक, डिकन्स यांच्याबाबतीत ही काळजी नाही.

आणि नाव ठरलं की तिन्ही लिप्यांत लिहून काढा, देवनागरी, गुजराती, रोमन, स्पेलिंग एकदा पक्कं करून तीच फाइल प्रत्येक आयोजकाला पाठवा. फोनवरून नाव सांगायचं नाही, कधीच नाही. इथल्या बॅनरवाल्याकडे रात्री अकराला काम गेलं की जे ऐकू आलं ते छापलं जातं. जेथ्रो टलची १९६८ ची पहिली रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा तिच्यावर छापलं होतं जेथ्रो टो.